तारेची आंघोळ

४ डिसेंबर १९८१

तार पुन्हा तुटली.

नवी वही मंगल वाक्याने उघडावी असा संकेत आहे. पण खोटं लिहून उघडण्यापेक्षा अमंगल परवडलं.

हिरामणशेटांच्या तळोज्याच्या शेडमध्ये मी पत्रव्यवहार पाहतो. ‘आपले पत्र मिळाले, आभारी आहोत’ या वाक्यावर माझा संसार चालतो. त्याआधी वीस-एक वर्षं पनवेलला शाळेत मुलांकडून देव शब्द चालवून घेत होतो. मग शाळेने संस्कृत बंद करून त्या तासाला शिवणकाम ठेवलं. मी शिवणात कच्चा, म्हणून इथे आलो.

शेटांची तार साधी नव्हे. लोखंडात क्रोमियम आणि ॲल्युमिनियम घालून केलेलं हे स्टील विजेला वाट सहज देत नाही, अडवतं आणि अडवता अडवता तापतं. क्रेनच्या मोटारींना लागतात त्या रेझिस्टरच्या पेट्यांत तिची वेटोळी बसवतात. ठाण्याच्या एका कंपनीला अशी तार वर्षभर हवी आहे. जानेवारीच्या शेवटी त्यांचा माणूस येणार. त्याच्यासमोर तार ओढून दाखवली तर काम आपलं. नाही दाखवली तर शेट ही शेड एका रसायनवाल्याला पिंपं ठेवायला देणार आहेत. तो गृहस्थ दोनदा येऊन टेपने लांबी-रुंदी मोजून गेला. माझ्या टेबलाचीही मोजली.

शेटांची भातशेती कारखान्यांच्या वसाहतीत गेली. हा प्लॉट त्यांनी हट्टाने मागून घेतला, कारण इथे त्यांचं खळं होतं. त्यांची आई बायजाबाई अजून या शेडला ‘खलं’च म्हणते. तिच्या खळ्यावर परक्याची पिंपं येणार की नाही, हे एका तारेवर ठरायचं आहे, आणि तार तुटते आहे.

७ डिसेंबर

माझ्यावर संशय आहे.

त्याचं असं झालं. दसऱ्याला पहिली तार ओढली तेव्हा बायजाबाईने कॉइलवर, म्हणजे ओढून बारीक करायच्या जाड तारेच्या वेटोळ्यावर, पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मला संस्कृत येतं एवढ्या गुन्ह्यावरून मला मंत्र म्हणायला उभं केलं. मी म्हटले. त्या दुपारी तार लोण्यासारखी आली. झालं, तेव्हापासून नव्या कॉइलला कामाआधी आंघोळ आणि मंत्र, हा कारखान्याचा नियमच झाला. सकाळी रांजणातलं पाणी, वर मी.

आज तार तुटल्यावर शेट माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“मास्तर, दसऱ्याला जा म्हनलाव, ताच म्हनताव ना?”

“तेच म्हणतो.”

“येकांदा अक्षर खाताव नाय ना?”

मी म्हटलं, “शेट, मी पगार घेतो, अक्षरं खात नाही.”

ते हसले, पण पूर्ण नाही.

बायजाबाई मला ‘भटजीबाबा’ म्हणते. मी भट नव्हे, पत्रव्यवहार पाहतो, असं तिला चारदा सांगितलं. ती म्हणते, “ताच ता. देवाला पत्रा लिवताव.”

१५ डिसेंबर

आमच्याकडे धातूचं शिकलेली एकच व्यक्ती आहे, चारुलता जाधव. वडील महाडकडचे, कल्याणला रेल्वेत. कॉलेजात त्या वर्गात ती एकटी मुलगी होती, त्यामुळे प्रश्न विचारायला ती लाजत नाही आणि उत्तर माहीत नसेल तर सांगायलाही लाजत नाही. तिच्या घरी बुद्धवंदना. आमच्या मंत्रांना ती हात जोडत नाही, जोडल्यासारखंही करत नाही. बाजूला उभी राहून बघते.

दसऱ्याची तार आणि आताची तार यांत फरक काय, हे मी तिला विचारलं. पत्रात लिहावं लागतं, म्हणून.

ती म्हणाली, “दसऱ्याच्या तारेत ॲल्युमिनियम शेकडा चार होतं. आता साडेपाच आहे. ठाण्याच्या कंपनीला तेच हवंय. ॲल्युमिनियम वाढलं की तार विजेला जास्त अडवते. शिवाय लाल झाली की ते वर येऊन तिच्या अंगावर पातळ कातडी धरतं, त्यामुळे ती जळून जात नाही.”

“आणि बदल्यात?”

“बदल्यात वाकायला कुरकुरते.”

“म्हणजे विद्वानांसारखं. आत जितकं जास्त, तितकी मान ताठ.”

“तुम्ही वाकता की.”

“ती पाठदुखी आहे.”

आजची नोंद करण्यासारखी गोष्ट: सकाळी दोन कॉइल तुटल्या. जेवणानंतर नामाने तिसरी घेतली, ती बाहेर उन्हात पडली होती. ती अर्धीअधिक ओढली गेली. नामा आमचा तार ओढणारा, मूळचा बीडकडचा, बोलायला मोकळा. मी त्याला म्हटलं, उपाशीपोटी तुझा हात जड असतो, न्याहारी करून येत जा. तो म्हणाला, “मास्तर, तार तुटती तवा माझा हात खिशात असतोय. वढतंय ते मशीन. मशीनला काय पोहे घालू?”

तरी माझं निदान मला पटतं. माणूस जेवला की जग मऊ होतं.

पहाटे फार गारठा. कानटोपी काढली.

२८ डिसेंबर

आज वाद झाला, आणि वाईट म्हणजे मी त्यात शहाणपणा केला.

शेट म्हणाले, “बाय, ॲल्युमिनियम कमी कर. चारवर आन. तार येते ना त्यात?”

चारुलता म्हणाली, “येते. पण मग ती विजेला कमी अडवेल, आणि त्यांच्या पेट्यांत लवकर जळेल. त्यांनी मागितलेली तार ती नाही. दुसरीच तार त्या नावाने द्यायची का?”

शेटांनी तो हट्ट तिथेच सोडला. भातात खडे मिसळून विकणाऱ्यांच्या घरातले ते नव्हेत, हे तिला ठाऊक आहे.

इथे मी तोंड घातलं. म्हटलं, “चारही नको, साडेपाचही नको. पावणेपाच करा. मध्यम मार्ग बरा असतो.”

चारुलताने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “मध्यम मार्ग मला नका शिकवू, मास्तर. तो आमच्याकडचा आहे.”

नामा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं. दुसरं काय करणार?

मग तिने जे जे तपासलं ते सांगितलं. भट्टीची धग बरोबर आहे. तार धुण्याच्या ॲसिडमध्ये दोष नाही. ज्या भोकातून तार ओढतात ते डाय नवे आहेत. सगळं बरोबर आहे आणि तार तुटते आहे. तिने जानेवारीअखेरपर्यंत मुदत मागितली. शेट म्हणाले, “पाव्हना यी तवर तुजा. मंग रसायनवाल्याचा.”

संध्याकाळी जाताना तिने मला विचारलं, “पावणेपाचला मी हो म्हणायला हवं होतं का?”

मी म्हटलं, “मला व्याकरण विचारा.”

हे उत्तर भेकड होतं. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

६ जानेवारी १९८२

शाळेचे मुख्याध्यापक बाजारात भेटले. संस्कृत जूनपासून पुन्हा सुरू होतंय, येता का म्हणाले. शिवणकामाच्या बाई मुंबईला गेल्या.

विमलला सांगितलं. मला वाटलं ती पेढे आणायला सांगेल. ती म्हणाली, “विचार करा,” आणि मेथी निवडत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही कशाने खूश होते ते मला कळलेलं नाही.

शाळा घरापासून चालत. तळोज्याला बस, धूळ, आणि वासांची अशी विविधता की नाकाला नावं सुचत नाहीत. विचार करण्यासारखं काय आहे?

रात्री जेवताना तिला सांगितलं की आज तार पहिल्या वेढ्यालाच तुटली, पण तुटलेलं टोक चकचकीत दाणेदार दिसत होतं, खडीसाखरेसारखं. ती म्हणाली, “बघा.” कशाकडे बघू, ते सांगितलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तार आली. अखंड, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत.

क्रमाने लिहितो. बायजाबाई नेहमी दहाच्या सुमाराला येते, तोवर पाणी घालायचं काम नामाच करतो. आज सणाची म्हणून ती सकाळीच तिळाचे लाडू घेऊन आली. नामा रांजणातून तांब्या भरत होता. तिने त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला.

“ये, एवऱ्या थंडीन कोनी देवाला गार पान्यानं आंघोल घालता का? तुज्या आयेनं तुला घातली व्हती?”

“आजी, ही तार हाय.”

“पूजा करताव ना तिची? मंग देवच ती.”

खरं आहे, थंडीत देवाला ऊन पाणी घालण्याची रीत घरोघर आहे. माझ्या आईचे बाळकृष्णही माघापर्यंत गरम पाण्याने न्हात. बायजाबाईने शेडमागच्या चुलीवर हंडा चढवला, पाणी खळखळ उकळवलं, मोठ्या घंगाळात कॉइल ठेवून ती बुडेपर्यंत ओतलं. वाफेचा लोट. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आता म्हना. आनि घाई करू नका, सन हाय.”

अक्षरं खाल्ल्याचा संशय डोक्यावर होताच. म्हणून मी आज कसूर ठेवली नाही. येत होतं ते सगळं म्हटलं. ते संपलं तरी बाई हात जोडून उभीच. मग शांतिपाठ दोनदा म्हटला. तरी उभी. शेवटी, आता लपवण्यात अर्थ नाही, मी देव शब्द चालवला. देवः देवौ देवाः, सातही विभक्त्या आणि संबोधन, गंभीर स्वरात. कुणाला काही वावगं वाटलं नाही. देवाचंच नाव होतं.

नामाने कॉइल काढली, टोक डायमधून घालून मशीनच्या ड्रमला अडकवलं. ड्रम फिरला. तार आली, येत राहिली. नामा मशीनला काही बोलत होता, लहान मुलाशी बोलतात तसं. शेट खाली वाकून तारेकडे बघत होते आणि वाकलेलेच राहिले.

मला कृतार्थ वाटलं. इतक्या वर्षांच्या अध्यापनाचं असं फळ मिळेल हे कोणाला ठाऊक होतं? माझं निदान: पठण आजवर तोकडं पडत होतं.

चारुलता मात्र माझं अभिनंदन करायचं सोडून घंगाळातल्या पाण्यात बोट बुडवून उभी. मग म्हणाली, “मास्तर, रोज सकाळी तुम्ही बसमधून उतरता तेव्हा कितपत थंडी असते?”

“कानटोपी लागते इतकी.”

“आणि दुपारी?”

“दुपारी खिशात.”

“खिशात,” ती म्हणाली, आणि धावत तिच्या खोलीत गेली. माझ्या तब्येतीची एवढी काळजी तिने आधी कधी केली नव्हती.

१६ जानेवारी

प्रयोग ही निर्दय गोष्ट आहे.

चारुलताने दोन कॉइल मागवल्या, एकाच वितळणीच्या, सख्ख्या बहिणी. एकीवर रांजणाचं गार पाणी आणि माझे संपूर्ण मंत्र. दुसरीला उकळतं पाणी, तेवढाच वेळ, आणि मी तोंड मिटून. पठणाला तिने अगदी मनापासून आग्रह केला. “काही गाळू नका, नाहीतर नंतर शंका राहील.”

मंत्रवाली पहिल्या वेढ्याला तुटली. मुकी शेवटपर्यंत आली.

सगळे माझ्याकडे बघत होते, सुतकातल्या माणसाकडे बघतात तसे. मी म्हटलं, “निकाल स्वच्छ आहे. मी टेबलाशी आहे, पत्रं आहेत.”

चारुलता मागोमाग आली आणि समजावून सांगितलं. या जातीचं स्टील थंडीत ठिसूळ होतं आणि ऊब मिळाली की वाकतं. ॲल्युमिनियम जितकं जास्त, तितकी जास्त ऊब त्याला लागते. चारवाल्या तारेला आमची सकाळही चालली असती. साडेपाचवालीची सीमा नेमकी तळोज्याची सकाळ आणि तळोज्याची दुपार यांच्यामध्ये पडते.

“पुस्तकात वाचलं होतं मी,” ती म्हणाली. “पण पुस्तकातली थंडी म्हणजे बर्फ. तळोज्याला थंडी पडते हे मी धरलंच नव्हतं.”

“आणि वर आम्ही तिला रांजणाचं पाणी घालत होतो.”

“हो.”

“भक्तिभावाने.”

“हो, मास्तर,” ती म्हणाली आणि हसू लागली, मग मीही. डिसेंबरपासून ती अशी हसली नव्हती. ॲल्युमिनियम साडेपाचच राहणार. पावणेपाचचा माझा ठराव नामंजूर झाला, त्याचं मला दुःख नाही.

घरी आल्यावर विमलला सगळं सांगितलं. आमटी निवली. ती म्हणाली, “जेवताना तार, उठताना तार.” मी म्हटलं, अगं, आमची तार थंडीत तुटते हे कळायला दीड महिना गेला, ही काय लहान गोष्ट आहे? तिने आमटी पुन्हा गरम केली. चेहऱ्यावर काहीतरी होतं. बहुधा दमली असावी.

२८ जानेवारी

ठाण्याचे साहेब आले. बाजीराव कदम. नावाला साजेसे, मिशीसकट. ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी आले, गारठ्यात, मुद्दामच. म्हणाले, “तयारी केलेला माल मला दाखवू नका. मी निवडीन तोच ओढायचा.” आणि मागच्या दाराबाहेर दवात पडलेल्या कॉइलकडे बोट दाखवलं. इतकी गार की नामाने हात लावून झटकन मागे घेतला.

“घ्या, चढवा मशीनवर,” साहेब म्हणाले.

शेटांचा चेहरा उतरला. चारुलता पुढे होऊन म्हणाली, “साहेब, आधी ती गरम पाण्यात भिजवावी लागते. कामाच्या पद्धतीत तसं लिहिलं आहे.” कागद पुढे केला.

“किती वेळ लागतो? मला अंबरनाथला जायचंय. आधी ओढा, बघू.”

तेवढ्यात बायजाबाई हंडा घेऊन मधे उभी राहिली. “आंघोल केल्याबगार नाय चालवाची.”

“आजी, कोणाची आंघोळ?”

“हिची. खल्यावरची रीत हाय. चपला काहारा तुमी.”

आता कंपनीचा साहेब कंपनीच्या माणसांशी वाद घालू शकतो, हंडा घेतलेल्या म्हातारीशी नाही. बाजीरावसाहेबांनी बूट काढले. मोजे काढू की नको, म्हणून एकदा माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तेही काढले. घंगाळात कॉइल, वर उकळतं पाणी, वाफ.

चारुलता माझ्या कानाशी म्हणाली, “आतल्या वेढ्यांना ऊब पोचायला हवी. संक्रांतीएवढं.”

“देव शब्दासकट?”

“सकट.”

मी म्हणू लागलो. बाजीरावसाहेब अनवाणी, हात जोडून, गारठलेल्या फरशीवर पाय आलटून पालटून उभे. मंत्र संपले, शांतिपाठ झाला, विभक्त्या सुरू झाल्या. तृतीयेला त्यांचे डोळे उघडले. लहानपणी चांगल्या मास्तरांच्या हाताखाली शिकलेले असावेत. देवाभ्याम् ला त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी संबोधनापर्यंत डोळे उघडले नाहीत.

मग नामाने कॉइल चढवली. मी तिकडे पाहिलं नाही, शेटांकडे पाहिलं. त्यांनी आईचा हात धरला होता, घट्ट, जत्रेत धरतात तसा. मशीनचा आवाज एका सुरात चालू राहिला. चालूच राहिला. तो थांबला तेव्हा सगळी तार ड्रमवर होती.

साहेबांनी तुकडा कापला, वाकवला, विजेला किती अडवते ते मोजलं, मग वीज सोडून लाल केला. तो बराच वेळ लाल राहिला. नंतर त्यांनी चारुलताचा कागद पहिल्यापासून वाचला.

“गरम पाणी आहे यात. मंत्र दिसत नाहीत.”

मी म्हटलं, “ते पत्रव्यवहार विभागाकडून.”

ते मोजे चढवत म्हणाले, “सप्तमीचं बहुवचन घाईत गेलं तुमचं.” आणि कागदावर सही केली.

१२ फेब्रुवारी

रसायनवाल्याला मी स्वतः पत्र लिहिलं. ‘आपली मागणी पूर्ण करण्यास असमर्थ आहोत’ हे वाक्य इतक्या आनंदाने पूर्वी लिहिल्याचं आठवत नाही.

मुख्याध्यापकांनाही नाही म्हणून कळवलं. कारण सरळ आहे. शाळा पायी अंतरावर असली तरी वाटेत चढ आहे आणि माझी पाठ धरते. विमलला हे कारण सांगितलं. ती म्हणाली, “हो ना, तो चढ,” आणि आज, सण नसताना, पुरणपोळी केली.

खळ्यावर सुधारणा झाली आहे. लाकडं जाळून हंडे वाहणं नको, म्हणून चारुलताने त्याच पहिल्या अखंड तारेतला तुकडा मातीच्या नळ्यांवर गुंडाळून टाकीखाली शेगडी बसवली. आमचीच तार लाल होते, टाकीतलं पाणी तापतं आणि त्यात पुढची कॉइल न्हाते. बायजाबाईने शेगडीवर हात शेकले.

“लय गुनाची हाय,” ती म्हणाली. “थोरली धाकटीला न्हानते.”

मला वाटलं, आता माझी तरी सुटका. पण शेडमधलं घड्याळ भट्टीच्या धुरळ्याने दर आठवड्याला बंद पडतं. पाण्यात किती वेळ ठेवायचं, याचं चारुलताने ठरवलेलं माप भिंतीवर खडूने लिहिलं आहे: ‘मास्तरांचं एकदा, सावकाश.’ हात ती अजूनही जोडत नाही. बाजूला उभी राहून ऐकते, आणि मी घाई केली की बोट वर करते.

आज सकाळी खाडीकडून वारा होता. कानटोपी कानांवर ओढून मी घंगाळापाशी उभा राहिलो. नामाने कॉइलला हात लावून पाहिला.

“मास्तर, लई गार हाय. आज दोनदा म्हना.”

मी दोनदा म्हटलं. सप्तमीचं बहुवचन मुद्दाम सावकाश.